माहेरहून आलेले गुडघे

‘आमच्या घराण्यातच आहे हो हे!’ हे वाक्य बायका कशाबद्दल म्हणतात, ते तुम्हाला सांगायला नको. हळदीकुंकू असो, भजनी मंडळ असो नाहीतर लग्नाची पंगत, पन्नाशीच्या पुढच्या दोघी शेजारी बसल्या की तिसऱ्या मिनिटाला गुडघे निघतातच. मग एकीची आई शेवटी शेवटी भिंत धरून कशी चालायची, दुसरीच्या मावशीचे पाय कसे बाहेरच्या बाजूला वाकले होते, हे सांगून होतं आणि ‘आता माझीही तीच गत’ असा समारोप होतो. आमच्या भजनी मंडळात पूर्वी सतरंज्या अंथरायचो. आता भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग असते आणि सतरंजीवर फक्त पेटी नि तबला!

या वाक्याचं एक दुसरं रूप आहे. ते सासरच्या बाजूने येतं. ‘तिच्या आईलाही होतं ना, माहेरचंच आहे ते.’ म्हणजे रुखवतात भांडी आली, त्याबरोबर गुडघेही आले! बोलणारी माणसं दुष्ट असतात असं मुळीच नाही. पण एकदा हे बोलून झालं की विषय मिटतो. ओटा बुटका आहे का, पाण्याचे हंडे कोण उचलतं, धुणं खाली बसून का धुवावं लागतं, हिला डॉक्टरांकडे कधी न्यायचं, हे मग कुणी विचारत नाही. दुखणं माहेरचं, तेव्हा सासर मोकळं.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, फळ्यावर गुणसूत्रांच्या जोड्या काढल्या आणि ‘मुलगी आईवर गेली’ या बोलण्यात शास्त्र किती नि समजूत किती, हे मुलींना समजावत राहिले. म्हणूनच या ‘घराण्यातच आहे’ प्रकरणाचा जरा मागोवा घ्यावासा वाटला. त्यात खरं किती, आणि त्या खऱ्याचा आधार घेऊन आपण सगळ्याजणी नि आपल्या घरातली माणसं अंग किती काढून घेतो, ते मला आज बोलायचं आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू या. आपण सरसकट ‘संधिवात’ म्हणतो त्यात दोन अगदी वेगळी दुखणी येतात. एक आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. त्यात शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. दुसरा ऑस्टिओआर्थ्रायटिस, आपल्या भाषेत झिजेचा संधिवात. आज बोलायचं ते या दुसऱ्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना तो होता आणि त्यात सुमारे ६० टक्के बायका होत्या. सर्वांत जास्त दुखणारा सांधा कोणता, तर गुडघाच.

तर, घराण्यात असतो का तो? असतो. हे काही आपल्या आज्यांनी उगीच म्हटलेलं नाही. विल्यम हेबर्डन नावाच्या अठराव्या शतकातल्या इंग्रज वैद्याच्या नावावरून बोटांच्या शेवटच्या पेरांवर येणाऱ्या गाठींना ‘हेबर्डनच्या गाठी’ म्हणतात. तुमच्यापैकी काहीजणींनी आत्ता आपली बोटं पाहिली असतील! वाटाण्याएवढ्या, टणक, आधी दुखतात आणि मग नुसत्याच राहतात, त्या. १९४१ साली स्टेचर या अमेरिकन डॉक्टरांनी अशा गाठी असलेल्या बायकांच्या नातलगांची पाहणी केली. इतर बायकांच्या तुलनेत या बायकांच्या आयांमध्ये त्या दुप्पट आणि सख्ख्या बहिणींमध्ये तिप्पट आढळल्या.

पण एका घरातल्या बायका जनुकांबरोबर कामंही वाटून घेतात. आईने जशी खाली बसून भाकरी थापली तशीच लेकीने थापली. मग नक्की आलं कशातून, रक्तातून की पाटावरून? याचं उत्तर शोधायला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या टिम स्पेक्टर यांच्या गटाने जुळ्या बहिणी घेतल्या. ४८ ते ७० वर्षांच्या. काही अगदी एकसारख्या, म्हणजे सगळी जनुकं सारखी असलेल्या, आणि काही नुसत्याच जुळ्या, इतर बहिणींसारखी निम्मी जनुकं सारखी असलेल्या. त्यांच्या हातांचे आणि गुडघ्यांचे एक्स-रे तपासले. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला की या दुखण्यात आनुवंशिकतेचा वाटा ३९ ते ६५ टक्के आहे.

हा आकडा नीट समजून घ्या हं, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते. आईला झालं म्हणून तुम्हाला होण्याची शक्यता पन्नास टक्के, असा त्याचा अर्थ नाही. बायकाबायकांमध्ये जो फरक दिसतो, एकीला होतं नि दुसरीला होत नाही, त्या फरकातला साधारण निम्मा वाटा जनुकांचा, एवढाच त्याचा अर्थ. उरलेला निम्मा कुठे गेला? तो आपल्या घरात, शेतात, ताटात नि वजनाच्या काट्यावर आहे. आणि हो, जनुकं निम्मी वडिलांकडूनही येतात. पण ‘वडिलांच्या घराण्याकडून आलं’ असं म्हणताना तुम्ही कुणाला ऐकलंय? आईचं दुखणं डोळ्यांसमोर असतं, कारण ती दुखत असतानाही कामं करत असते. वडिलांना दुखलं तर ते खुर्चीत बसतात आणि आपल्याला दिसत नाही!

आता ही जनुकं करतात तरी काय? तुम्ही म्हणाल, झीज लवकर होईल अशी हाडं देत असतील. मलाही बरीच वर्षं असंच वाचायला मिळत होतं. चपलेचा तळ झिजतो तशी गुडघ्याची वाटी झिजते, वंगण संपतं, झालं. पण चपलेचा तळ मेलेला असतो आणि गुडघा जिवंत. मटण शिजणाऱ्या घरात नळीच्या टोकाला जे पांढरं, चकचकीत, चिवट आवरण दिसतं, ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, पण पेशी असतात. त्या पेशी दिवसरात्र थोडं मोडतात, थोडं नव्याने बांधतात. घरातल्या भिंती सारवतो ना आपण, तसं. मोडणं आणि बांधणं यांचा ताळमेळ असतो तोवर गुडघा वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. ताळमेळ बिघडला की दुखणं सुरू.

हा ताळमेळ बिघडवणाऱ्यांत मोठा हात असतो दाहाचा. दाह म्हणजे शरीराने स्वतःच पेटवलेली धुनी. जखम झाली, जंतू शिरले की ती पेटते, आपलं काम करते आणि विझते. विझली पाहिजे. ती मंद मंद धुमसत राहिली की सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, पाणी साठतं आणि कूर्चेतल्या पेशींना ‘मोडा, मोडा’ असे निरोप जात राहतात. आमवातात हा दाह भडकलेला असतो, सांधे लालबुंद गरम होतात. झिजेच्या संधिवातात तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो, म्हणून फार वर्षं तिकडे कुणाचं तितकंसं लक्ष गेलं नाही.

निरोप पोचवणारे रेणू बरेच आहेत. त्यातला एक महत्त्वाचा म्हणजे इंटरल्युकिन-१. तो पेशीवरच्या एका ठरावीक जागेवर येऊन बसला की दाह सुरू. शरीरही हुशार, त्याने यावर तोड काढली आहे. इंटरल्युकिन-१ सारखाच दिसणारा, पण काहीच न करणारा दुसरा रेणू ते तयार करतं. तो आधी जाऊन ती जागा अडवतो. एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून आपण सीट धरतो ना, तसा हा रुमाल! रुमाल असला की इंटरल्युकिन-१ ला बसायला जागा नाही आणि दाहही नाही. ‘रुमाल’ बनवण्याचा पाठ आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्रावर आहे आणि इंटरल्युकिन-१ बनवण्याचे पाठही त्याच्या शेजारीपाजारीच आहेत. आग लावणारे आणि विझवणारा एकाच वाड्यात राहतात म्हणा ना.

हा पाठ सगळ्यांच्यात हुबेहूब सारखा नसतो. आंब्याच्या लोणच्याची कृती एकच, पण कुणाच्या वहीत मीठ एक वाटी लिहिलेलं असतं, कुणाच्या सव्वा वाटी. जनुकांत असेच एकदोन अक्षरांचे फरक असतात. त्यामुळे कुणाच्या शरीरात रुमाल जास्त बनतात, कुणाच्यात कमी. मग कमी रुमालवाल्यांचे गुडघे लवकर बिघडतात का, हा प्रश्न संशोधकांनी विचारला. २०११ साली अनेक ठिकाणच्या पाहण्या एकत्र करून उत्तर शोधलं गेलं. ते थोडं गमतीचं आहे. दुखणं होणार की नाही, याच्याशी या फरकांचा ठाम संबंध सापडला नाही. पण ज्यांना गुडघ्याचं दुखणं झालंच आहे त्यांच्यात ते किती तीव्र, याच्याशी थोडा संबंध दिसला. पुढे २०२० साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनीही दाखवलं की रुमालाच्या जनुकातल्या अक्षरांची एक जुळणी असली तर एक्स-रेमधला बिघाड सौम्य आणि दुसरी असली तर अधिक.

दुसरं उदाहरण आपल्या हातांचं आहे आणि ते मला फार जवळचं वाटतं. कपडे पिळताना, बरणीचं झाकण उघडताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, तो सांधा. हाताच्या या दुखण्याशी जोडलेला एक जनुकीय फरक आइसलँडमधल्या संशोधकांना २०१४ साली सापडला होता. ‘अ’ जीवनसत्त्वापासून एक उपयोगी आम्ल तयार करणारं हे जनुक. ऑक्सफर्डमध्ये टोनिया व्हिन्सेंट यांच्या गटाने शस्त्रक्रियेत काढलेली अंगठ्याच्या सांध्याची कूर्चा तपासली आणि २०२२ साली सांगितलं की ज्यांच्यात तो फरक आहे त्यांच्या कूर्चेत हे आम्ल कमी पडतं नि दाह वाढतो. त्या आम्लाची पातळी टिकवणारं औषध त्यांनी प्राण्यांवर वापरून पाहिलं, तेव्हा दाह उतरला. मात्र ही वाट अजून प्रयोगशाळेतली आहे. कृपा करून कुणी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली आणू नका! ते जास्त झालं तर यकृताला बाधतं आणि गर्भवतीने तर असा प्रयोग मुळीच करायचा नाही.

दाहाचा हात खरोखर आहे, याचा पुरावा एका वेगळ्याच वाटेने आला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांवर इंटरल्युकिन-१ ला अडवणाऱ्या एका इंजेक्शनची चाचणी झाली होती. हेतू हृदयाचा. नंतर २०२० साली त्याच नोंदी उलगडून पाहिल्या, तर इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये गुडघा किंवा खुबा बदलण्याची वेळ सुमारे ४० टक्क्यांनी कमी आली होती. आता लगेच हुरळून जाऊ नका. ते इंजेक्शन अतिशय महाग आहे, त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि मुद्दाम गुडघेदुखीसाठी अशा प्रकारच्या औषधांच्या ज्या चाचण्या झाल्या त्यांत दुखणं म्हणावं तसं हटलं नाही. शरीर आहे ते. एक वायर कापली की दिवा विझला, इतकं ते सोपं नाही.

आणि एक जनुक म्हणून सगळा दोष द्यावा, असं जनुकच इथे नाही. २०२१ साली सव्वाआठ लाखांहून अधिक लोकांची जनुकं तपासून या दुखण्याशी जोडलेले १०० फरक सापडले होते. २०२५ साली साडेएकोणीस लाखांवर लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा आकडा ९६२ वर गेला. काही सांध्यांची घडण ठरवणारे, काही कूर्चा बांधणारे, काही दाहाचे. प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. तपासलेले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. आपल्याकडच्या बायकांना ते गणित जसंच्या तसं लागू पडेल, असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

म्हणूनच एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. मोठ्या शहरांतून आता ‘तुमच्या जनुकांत कोणते आजार दडलेत ते आधीच जाणून घ्या’ अशी पॅकेजं विकली जातात. थुंकीचा नमुना द्यायचा, काही हजार रुपये भरायचे. माझ्या एका भाचीने फोन करून विचारलं, ‘आईला गुडघ्याचं आहे, तर मी करून घेऊ का टेस्ट?’ वय एकतीस. मी म्हटलं, अगं, तुझी आई हीच तुझी टेस्ट, आणि ती फुकट झाली आहे. घराण्याचा इतिहास माहीत असला की त्यापुढे त्या कागदाने गुडघ्याच्या बाबतीत काही वेगळं करायला सांगितलं, असं होत नाही. या दुखण्याचं निदानही जनुकांवरून करत नाहीत. डॉक्टर विचारपूस करतात, सांधा हाताने तपासतात, गरज वाटली तर एक्स-रे काढतात. तोही अंतिम शब्द नव्हे. फोटोत बराच बिघाड असून ठणठणीत चालणाऱ्या बायका असतात आणि फोटो बरा असून कळवळणाऱ्याही असतात.

आता त्या उरलेल्या निम्म्याबद्दल बोलू या, कारण माझा खरा मुद्दा तोच आहे.

२०१७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या इयान वॉलेस आणि डॅनियल लिबरमन यांनी सहकाऱ्यांसह अडीच हजारांहून अधिक जुन्या-नव्या सांगाड्यांचे गुडघे तपासले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांचे. कारखानदारीच्या सुरुवातीच्या काळातल्यांत हे दुखणं ६ टक्क्यांना होतं, अलीकडच्यांत १६ टक्क्यांना. लोक जास्त जगतात, लठ्ठ झालेत, हा हिशेब वजा केला तरी प्रमाण साधारण दुपटीने वाढलेलं! दोन-तीन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते जगणं.

चीनमधलं उदाहरण तर आपल्याच घरचं वाटेल. बीजिंगमधल्या साठीच्या पुढच्या बायका अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या गोऱ्या बायकांपेक्षा सडपातळ, तरी गुडघ्याचा संधिवात त्यांच्यात जास्त. मग त्यांना विचारलं, तुम्ही पंचविशीत असताना दिवसाला किती वेळ उकिडव्या बसायचात? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, रोज तीन तास किंवा त्याहून जास्त बसणाऱ्या बायकांत गुडघ्याच्या संधिवाताची शक्यता दुपटीहून जास्त होती. तीन तास! धुणं, भांडी, अंगण सारवणं, खुरपणी, भात लावणी. मोजा जरा आपल्या आईचे तास. खाली बसणं वाईट असं मी म्हणत नाही. मांडी घालून जेवायला बसणं आणि सकाळपासून दुपारपर्यंत उकिडवं बसून काम उपसणं, यात फरक आहे.

वजनाचंही तसंच. गुडघ्यावर भार पडतो हे सगळ्यांना पटतं. पण लठ्ठपणात हाताच्या बोटांचा संधिवातही वाढतो, आणि बोटांवर काही आपण चालत नाही! याचं कारण पुन्हा दाहच. पोटावरची चरबी नुसती साठवणीची कोठी नसते. तिच्यातून दाह वाढवणारे निरोप रक्तात सुटत असतात. म्हणजे ज्या बाईच्या शरीरात जन्मतःच रुमाल कमी आहेत, तिच्या बसमध्ये वजन वाढल्यावर गर्दीही वाढते. जनुकं बदलता येत नाहीत, गर्दी कमी करता येते. त्याच फ्रॅमिंगहॅम गावात १९९२ साली हिशेब मांडला होता. दहा वर्षांत साधारण पाच किलो वजन उतरवलेल्या बायकांमध्ये गुडघ्याचं दुखणं सुरू होण्याची शक्यता निम्म्याहून कमी झाली होती. पाचच किलो! आणि एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, असं २००५ साली मोजून पाहिलेलं आहे.

‘गुडघे दुखतात म्हणून चालत नाही आणि चालत नाही म्हणून वजन वाढतं,’ असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे, हे चक्र तोडायला सोपं नाही. पण कूर्चेला रक्तपुरवठा नसतो. तिला अन्न मिळतं ते सांधा हलताना, दाब पडून सुटताना, भोवतीच्या द्रवातून. बसून राहिलं की ती उपाशी! खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, मांडी घट्ट करून पाच-सात आकडे मोजायचे, सावकाश खाली. मग दुसरा. दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मालिका बघतानाही होतं हे. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा भार तो उचलतो. तेलाने शेकलं-चोळलं तर बरं वाटतं, जरूर करावं, पण तेल कूर्चेपर्यंत पोचत नाही. कूर्चा भरून आणतो म्हणून विकली जाणारी पावडर, सांध्यांसाठीच्या महाग गोळ्या, यांवर खर्च करताना हेही लक्षात ठेवा की ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनची २००६ साली अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तेव्हा एकूण रुग्णांत त्या साध्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नव्हत्या. आणि आठवड्याच्या बाजारात मिळणाऱ्या ‘एका दिवसात आराम’वाल्या पुड्या मात्र खरोखर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. तसंच मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड धोक्यात येतात.

सकाळी उठल्यावर सांधे अर्धा-पाऊण तास आखडून राहत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजून गरम होत असतील, तर ते झिजेचं नसून आमवाताचं असू शकतं. तिथे ‘घराण्यातच आहे’ म्हणून वाट पाहणं फार महागात पडतं, कारण त्याची औषधं वेळेवर सुरू झाली तर सांधे वाचतात.

आपल्याकडे या दुखण्यांची मोजदाद झालेली आहे, हेही सांगायला हवं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली घरोघरी पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढ माणसं तपासली, तर शंभरातल्या अठरा जणांना सांध्या-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. खेड्यातली, कष्टाची माणसं. ही दुखणी शहरी, बसून खाणाऱ्यांची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीत.

शस्त्रक्रियेचाही उल्लेख करते, कारण त्याचीही भीती आणि घाई दोन्ही पाहिल्या आहेत. सगळं करून झालं, रात्रीची झोप मोडते, घरातल्या घरात चालवत नाही, तेव्हा गुडघा बदलणं हा चांगला उपाय आहे. २०१७च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या वापरातल्या गुडघ्याची किंमत दीड लाखाच्या पुढून ५४,७२० रुपयांवर आली होती, कर वेगळा. तरी एकूण खर्च मोठाच असतो. आणि तो खर्च कुणासाठी आधी निघतो, ते मी वेगळं सांगत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात सासऱ्यांचा गुडघा बदलून झाला, ट्रॅक्टरचा हप्ता फिटला, धाकट्याचं लग्न झालं, आणि सासूबाईंच्या बाबतीत मात्र ‘त्यांच्या आईलाही होतं, त्यांना सवय आहे’ असं उत्तर मिळालं. सवय! दुखण्याची कसली आलीय सवय?

शस्त्रक्रिया राहू दे, पण ओट्याचं काय? घर बांधताना देवघराची दिशा ठरवायला तीन माणसं येतात. भांडी घासायला उभं राहून वापरता येईल असं सिंक हवं, हे मात्र घरातली बाईसुद्धा मोठ्याने बोलत नाही. धुण्याच्या दगडाला चार विटांची उंची द्यायची म्हटलं तर गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम. भाजी निवडायला, पीठ मळायला उंच स्टूल, शौचालयात कमोडची खुर्ची नाहीतर निदान धरायला एक दांडा, यात न परवडण्यासारखं काय आहे? शेतावर खुरपायला लांब दांड्याचं खुरपं मिळतं. पण ते बायकांसाठी कोण आणतं?

मैत्रिणींनो, तुमच्या घरात गुडघ्यांसाठी यातला काही बदल झाला असेल तर मला जरूर लिहून कळवा. काय केलं, किती खर्च आला, आणि त्याला आधी नको कोण म्हणालं, तेही लिहा. विशेषतः शेवटचं.